क्लिप कुठून सुरू करायची

मार्चमधल्या त्या सामन्यात त्या मुलाने एकही चूक केली नाही. आम्ही 4-1 ने जिंकलो, आणि तरी रात्री घरी परतताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

मी ओंटारियोतल्या एका ज्युनियर आइस हॉकी संघाचा व्हिडिओ कोच आहे. मूळचा कोल्हापूरचा, तालमींच्या फुटबॉलवर वाढलेला. शिकायला इकडे आलो आणि या खेळाने धरून ठेवलं. सामना चालू असताना मी बेंचजवळ नसतो. लॉकर रूमच्या शेजारी बिनखिडकीची एक खोली आहे, तिथे दोन स्क्रीनसमोर बसून प्रत्येक घटनेवर बटण दाबत जातो: पक (खेळातली रबराची चकती) सुटला, पक गेला, संधी मिळाली, गोल बसला. रात्री प्रत्येक खेळाडूच्या शिफ्ट वेगळ्या काढतो. एक शिफ्ट, म्हणजे बर्फावर उतरल्यापासून बदलीसाठी परत येईपर्यंतचा वेळ, साधारण पाऊण मिनिटाची, पहिल्या फळीच्या डिफेन्समनच्या एका सामन्यात पंचवीसेक होतात. खेळाडू 16 ते 20 वर्षांचे. घर सोडून आलेले, गावातल्या दुसऱ्या कुटुंबांत राहणारे, त्यातले लहान सकाळी शाळेला जाणारे. हे मुद्दाम सांगतो, कारण स्टँडमधून त्यांच्यावर ओरडणाऱ्या माणसांना ते माहीत असूनही आठवत नाही.

हा मुलगा 17 वर्षांचा, डिफेन्समन, उंचीने बेताचा. यंदा त्याचं ड्राफ्टचं वर्ष, म्हणजे NHL या व्यावसायिक लीगचे संघ त्याच्या वयाच्या खेळाडूंतून निवड करणार. ब्लू लाइनवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या भागाच्या सीमारेषेवर, पक मिळाला की बहुतेक डिफेन्समन तो गोलकडे हाणतात, नाहीतर कोपऱ्यात सोडून देतात. प्रेक्षकांनाही तेच हवं असतं. डिफेन्समनकडे पक गेला रे गेला की सगळं रिंक ‘शूट!’ म्हणून ओरडतं. हा मात्र लाइनीवरून आडवा सरकतो. पकाकडे बघत नाही. डावा खांदा थोडा टाकतो, समोरचा विंगर त्या बाजूला झुकेपर्यंत थांबतो, मग ब्लेडच्या आतल्या कडेवर वजन घेऊन उलटा वळतो. विंगर फिरेपर्यंत हा चार पावलं आत, आणि गोलकीपरसमोर गर्दी असेल त्या बाजूने पक जातो. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. मी त्याचं हे वळण शंभरदा तरी स्लो करून पाहिलं असेल. दर वेळी खांदा आधी पडतो, डोळे नंतर.

ज्याला हे दिसतं, त्याच्या हातून चुकाही होतात. सगळ्यात महाग चूक पिंचची. समोरचा संघ बोर्डच्या, म्हणजे रिंकभोवतीच्या भिंतीच्या, कडेने पक बाहेर काढत असताना डिफेन्समनने आपली लाइन सोडून खाली जायचं आणि तो अडवायचा, याला पिंच म्हणतात. वेळेत पोचला तर पक आत राहतो, हल्ला चालू राहतो. क्षणभर उशीर झाला तर मागे एकच डिफेन्समन उरतो आणि त्याच्यावर दोघे चालून येतात. म्हणून नियम असा की डिफेन्समन खाली गेला की वर थांबलेल्या तिसऱ्या फॉरवर्डने त्याची जागा घ्यायची. पिंच हा दोघांनी मिळून करायचा डाव आहे. नाव मात्र एकाच्याच खात्यावर पडतं.

फेब्रुवारीत आम्ही 3-2 ने पुढे असताना, शेवटची सहा मिनिटं राहिली असताना तो खाली गेला. पक त्याच्या स्टिकवरून उडून पलीकडे पडला, टू-ऑन-वन झालं, गोल बसला. ओव्हरटाइममध्ये हरलो. त्यानंतर त्याला बेंचवरून उठवलंच नाही. सामन्यानंतर हेड कोचनी मला सांगितलं, “याच्या गेल्या पाच सामन्यांतल्या चुका एकत्र कर. रविवारी सगळ्यांसमोर दाखवू.”

हेड कोच वाईट माणूस नाही. या कामात त्यांची तीस वर्षं गेली आहेत, आणि ज्या डिफेन्समनचं नाव सामनाभर ऐकू येत नाही तो चांगला, असं त्यांचं मत आहे. मी अकरा क्लिप कापल्या. बाण, वर्तुळं, सगळं नेटकं. काम चांगलं झालं म्हणून मला बरंही वाटलं होतं. रविवारी तेवीस मुलांसमोर ते चाललं. कोणी हसलं नाही. तो टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता, आणि नवव्या क्लिपला, म्हणजे फेब्रुवारीच्या त्या पिंचला, त्याने मान वर करून पडद्याकडे पाहिलं. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं.

त्यानंतरचे सात सामने तो अगदी सरळ खेळला. आपल्या भागात पक आला की काचेवरून बाहेर. ब्लू लाइनवर मिळाला की कोपऱ्यात. त्याचा प्लस-मायनस, म्हणजे तो बर्फावर असताना संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतला फरक, सुधारला. ‘मोठा झाला,’ असं सगळे म्हणू लागले.

मी हेड कोचना NHL मधल्या एरिक कार्लसन या डिफेन्समनचं उदाहरण दिलं. 2010-11 च्या हंगामात, विशीत असताना, ऑटावाकडून खेळताना त्याचा प्लस-मायनस उणे 30 होता. त्याला खेळवत राहिले, आणि पुढच्याच हंगामात 78 गुण करून त्याने सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी घेतली. केल मकार या दुसऱ्या डिफेन्समनला कोलोरॅडोने 2017 मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडलं आणि दोन वर्षं मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठाच्या संघात खेळू दिलं. 2022 ची नॉरिस त्याची. कोच म्हणाले, “कार्लसन एक झाला. आपण कार्लसन आहोत असं वाटून वाया गेलेली पोरं मी किती पाहिलीत, ती तू पाहिलेली नाहीस.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही.

आता मार्चचा तो सामना. दुसऱ्या पिरियडमध्ये पक त्याच्याकडे लाइनीवर आला. समोरच्या विंगरची स्टिक मोडली होती. नियमाप्रमाणे ती टाकून तो रिकाम्या हातांनी उभा होता. सगळी वाट मोकळी. स्क्रीनवर मला हेल्मेट वर होताना दिसलं. त्याने पाहिलं होतं. आणि त्याने पक कोपऱ्यात सोडला आणि बदलीसाठी बेंचकडे वळला. बेंचवरच्या मुलांनी शाबासकी म्हणून स्टिका आपटल्या. माझा हात कीबोर्डवर तसाच राहिला. न खेळलेल्या चालीसाठी माझ्याकडे बटण नाही.

सामन्यानंतर तो खोलीच्या दारात आला. “कोच, आज माझं काही निघालं का?”

“काही नाही.”

“मग ठीक.” तो निघाला. मी त्याला बसायला सांगितलं, ती शिफ्ट लावली आणि थांबवली. इथे काय दिसलं, म्हणून विचारलं. थोडा वेळ गप्प राहून त्याने सगळं सांगितलं: विंगरकडे स्टिक नाही, त्यांचा सेंटर खाली अडकलाय, आपला विंगर पलीकडच्या खांबाशी ब्लेड टेकवून थांबलाय. एकही गोष्ट सुटलेली नव्हती.

“मग?”

“मग नववी क्लिप आठवली.”

मी नववी क्लिप उघडली. पक त्याच्या स्टिकवरून उडतो, तिथूनच ती सुरू होत होती. मीच तिथून कापली होती. मूळ फुटेज काढून सहा सेकंद मागे नेलं. खाली जाण्याआधी त्याने दोनदा मागे पाहिलं होतं: एकदा जोडीदाराकडे, एकदा तिसऱ्या फॉरवर्डकडे. फॉरवर्ड जागेवर होता. याने लाइन सोडल्यावर तो बदलीसाठी बेंचकडे निघाला.

“मी बघितलं होतं,” तो म्हणाला. “तो होता तिथे.” आवाजात तक्रार नव्हती. तो ज्यांच्याकडे राहतो त्या बाईंचा फोन आला, उद्या शाळा होती, तो गेला.

त्या रात्री मी अकराही क्लिप काही सेकंद मागे नेऊन पाहिल्या. चार अशाच निघाल्या. पाच खरोखर त्याच्या होत्या: शिफ्टच्या शेवटी दमलेला असताना घेतलेली हाव, तिघांच्या मधून रेटलेला पास. दोन कुणाच्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझे काका तालमीत होते. ते सांगायचे, पोरगं डाव टाकताना चीत झालं तर वस्ताद त्याला डाव सोडायला सांगत नसत. दुसऱ्या दिवशी तोच डाव पवित्र्यापासून पुन्हा करून घेत. मला नोकरीची इतकी वर्षं हे माहीत होतं, आणि मी पोरगं पाठीवर पडलेलं तेवढंच कापून दाखवलं.

सकाळी हेड कोचनी लांब क्लिप दोनदा पाहिली. “त्या फॉरवर्डला बोलाव,” म्हणाले. आणि मुलाबद्दल विचारल्यावर, “तिसऱ्या पिरियडमध्ये आपण पुढे असताना नाही. बाकी बघू.” सरावानंतर रोज दहा मिनिटं आता डिफेन्सचे कोच त्याच्याकडून पिंचच करून घेतात, तिसऱ्या फॉरवर्डसकट. नवीन रील मी संघाच्या फोल्डरमध्ये ठेवलंय. पण तेवीस मुलांनी पाहिलं ते पहिलंच.

शुक्रवारच्या सामन्यात पहिल्या पिरियडमध्ये पक त्याच्याकडे लाइनीवर आला. डावा खांदा पडला. तो दीड पाऊल आडवा सरकला, आणि मग पक कोपऱ्यात सोडला. मी ती क्लिप काढून ठेवली आहे, पाच सेकंद आधीपासून.