आई मध्येच थांबली

सकाळी आई माझा पाय वाकवता वाकवता मध्येच थांबली. झालंय एवढंच, पण दिवसभर डोक्यातून जात नाहीये. सहा वर्षं रोज तीच करते हे, बडबड चालू असते तिची, गुडघा वाकव, सरळ कर, पुन्हा वाकव, आणि आज गुडघ्याखाली हात धरून नुसती बसून राहिली आणि मग पाय इतका हळू खाली ठेवला जसं काही झोपलेलं बाळ ठेवतेय. म्हणजे वाचला तिने माझ्या डेक्सा स्कॅनचा, हाडांच्या घनतेचा रिपोर्ट.

मणक्याचा आकडा नॉर्मल आलाय. जिथे मोडलं तिथलं हाड चांगलं, आणि खुब्याचा झेड स्कोअर, म्हणजे माझ्या वयाच्या लोकांच्या सरासरीशी तुलना, उणे ३.१, बराच कमी. डॉक्टर म्हणाले, मणक्याला मार लागून पाय लुळे पडले की असंच दिसतं, बसल्या बसल्या मणक्यावर भार येत राहतो, पायांवर येत नाही. गुडघ्याच्या वरचं आणि खालचं हाड सगळ्यात जास्त झिजतं पण नेहमीच्या डेक्सा स्कॅनमध्ये गुडघा घेतच नाहीत. मोडायला मोठं काही लागत नाही म्हणे, खुर्चीवर सरकताना पाऊल अडकलं, पाय पिरगळला, तरी पुरतं.

मला नक्की कशाचं वाईट वाटतंय? चालता येणार नाही हे मी केव्हाच मान्य केलंय. पण पाय आहेत, होते तसे आहेत, असं मी धरून चाललो होतो, म्हणजे उद्या एखादा उपचार निघालाच तर.. जाऊ दे.

सारखं ते सुरुवातीचं आठवतंय. अपघातानंतर तीनेक महिन्यांनी लघवीत कॅल्शियम जास्त आलं होतं तेव्हा खडा होऊ नये म्हणून भरपूर पाणी प्या एवढंच सांगितलं, आणि आम्ही सगळे बेडसोरच्या मागे लागलेलो. ते माझं हाड होतं. पहिल्या एक-दोन वर्षांतच सगळ्यात वेगाने जातं, आणि ते रोज थोडं थोडं पिशवीत उतरत होतं आणि आई ती पिशवी रिकामी करत होती. मला काही दुखलं नाही, कसं दुखणार. दुखलं असतं तर कळलं तरी असतं. माझंच होतं ना ते, मला कळायला नको?

दुपारी बराच वेळ वाचत बसलो. भार बंद झाला की हाडातल्या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन जास्त सोडतात, त्याने नवीन हाड बनणं मंदावतं, आणि जुनं झिजणं चालूच राहतं. हे वाचून का कोण जाणे जरा शांत वाटलं. कुणी हयगय केली म्हणून नाही झालेलं, आईने तर नाहीच नाही. आता ड जीवनसत्त्वाचा रिपोर्ट आला की झोलेड्रोनिक ॲसिडच्या, हाडाची झीज कमी करणाऱ्या इंजेक्शनचं ठरेल.

संध्याकाळी आईला जवळ बसवलं. म्हटलं, व्यायाम सोडायचा नाहीये, फक्त पाय अडला की तिथे जोर लावू नकोस आणि पिळू नकोस, आणि रोज दोन्ही गुडघ्यांना हात लावून बघत जा, एखादा सुजलाय का, गरम लागतोय का, मला दुखून कळणार नाही ना. पाय आपोआप झटके देऊन उडतात ते एकदम जास्त उडायला लागले तरी सरळ एक्सरे काढायचा.

तिने काही न बोलता दोन्ही तळवे दोन्ही गुडघ्यांवर ठेवले. बराच वेळ. मला स्पर्श कळत नाही, मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"सारखेच आहेत," म्हणाली.

उद्या सकाळी बडबड करते का बघू.