चौदाव्या वर्षापर्यंत

जर्मनीत मूल चौदा वर्षांचं झालं की आपला धर्म कोणता, हे तेच ठरवतं. यात आईबापांचा मोठेपणा काही नाही, कायदाच तसा आहे, आणि तोही १९२१ सालचा. बारा वर्षं पूर्ण झाली की मुलाच्या मनाविरुद्ध त्याला दुसऱ्या पंथाचं शिक्षण देता येत नाही. चौदाव्या वर्षी तर चर्च सोडायचं म्हटलं तरी आईबापांची सही लागत नाही. हे मी फोनवर नगरला सांगितलं तेव्हा पप्पा म्हणाले, "म्हणजे मोबाईलचं कनेक्शन घ्यायला बाप लागतो, आणि देव सोडायला नको?"

माझी मोठी लेक आता तेरा वर्षांची आहे.

नगरच्या शाळेत आम्ही ख्रिस्ती मुली वर्गात दोघी-तिघीच असू, पण घराबाहेर पाऊल टाकलं की सगळा गोतावळा. रविवारी संडेस्कूल, मधल्या वारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा, आणि मी कुठलं वचन पाठ केलं नाही याची खबर कंपाउंडमधल्या प्रत्येक मावशीला. रात्री जेवणाआधी घरची उपासना. पप्पा पेटी काढायचे, ना. वा. टिळकांचं एखादं भजन व्हायचं, आई शास्त्रपाठ वाचायची. मग पप्पांची प्रार्थना. ती आजारी नातेवाइकांपासून निघून देशाच्या पुढाऱ्यांपर्यंत पोहोचेतो भाकरी गार झालेली असायची.

हॅम्बुर्गला आलो तेव्हा वाटलं, हा तर प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरचा देश, इथे मुलांना वेगळं काय शिकवावं लागणार! गोष्ट उलटी निघाली. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन मोठ्या चर्चांचे सभासद मिळूनही आता लोकसंख्येच्या निम्मे भरत नाहीत. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते, कारण तेव्हा मुलांचं येशूजन्माचं, गव्हाणीचं नाटक असतं. पुढच्या रविवारी मात्र कुठल्याही बाकावर खुशाल बसा. ३१ ऑक्टोबर हा धर्मसुधारणेचा दिवस, १५१७ मध्ये ल्यूथरने चर्चमधल्या गैरप्रकारांवर आपले ९५ प्रबंध, म्हणजे मुद्दे, मांडले तो. हॅम्बुर्गमध्ये २०१८ पासून त्याची सार्वजनिक सुट्टी आहे. त्याच संध्याकाळी हॅलोविनही असतो, आणि आमच्या दारात भुताखेतांच्या वेषातली पोरं चॉकलेटं मागत उभी असतात. त्यांच्यात आमचीही दोन असतात, हे नगरला कळवलेलं नाही.

शाळेत धर्म हा विषय आहे, पण जर्मनीत बहुतेक ठिकाणी मुलं पंथांप्रमाणे वेगळ्या वर्गांत बसतात, तसं हॅम्बुर्गमध्ये नाही. इथे सगळे एकाच वर्गात. लेकीच्या बाजूला एक तुर्की मुलगी बसते आणि मागच्या बाकावरचा मुलगा काहीच मानत नाही. रमजान, ज्यूंचा पेसाख, ईस्टर सगळ्याची माहिती होते. मला ही पद्धत मनापासून आवडते. आमच्या वर्गातल्या मैत्रिणींना आमच्याबद्दल एवढं कळलं असतं तर बरं झालं असतं. पण प्रार्थना कशी करायची, हे शाळा शिकवत नाही. ते काम घरचं.

आणि जे थोडे लोक हे काम करतात, ते अगदी साध्या गोष्टींनी करतात. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात, घरोघरी चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र दिसतं, ते इथलंच, हॅम्बुर्गचं. योहान हिनरिच विचर्न यांनी १८३३ मध्ये निराधार मुलांसाठी इथे एक संस्था काढली. तिथली मुलं नाताळ कधी, नाताळ कधी म्हणून पिच्छा पुरवायची. तेव्हा १८३९ मध्ये त्यांनी एका लाकडी चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि बाकीच्या दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची. आमच्याकडे आज कुणी पेटवायची यावरून आधी भांडण होतं आणि मग उपासना. तरी दोघंही वेळेवर हजर असतात, आणि मला तेवढं पुरे आहे.

दुसरी वस्तू म्हणजे प्रार्थनेचा फासा. लाकडी ठोकळा, सहा बाजूंना जेवणाआधी म्हणायच्या सहा छोट्या प्रार्थना. मूल फासा टाकतं, वर येईल ती सगळे म्हणतात, आणि सूप गरम असतानाच जेवण सुरू. पप्पांना हा प्रकार सापशिडीचा वाटतो. मला मात्र त्यात ल्यूथरचा हात दिसतो. १५२९ चं त्याचं प्रश्नोत्तरांचं छोटं पुस्तक त्याने घरच्या कर्त्यासाठी लिहिलं होतं, घरातल्यांना सोप्या शब्दांत समजावता यावं म्हणून. त्यात झोपतानाची प्रार्थना आहे आणि तिच्यापुढे सूचना: आता लगेच, आनंदाने झोपी जा. रात्री दहा वाजता पाचव्यांदा पाणी मागणाऱ्या मुलाला हे मी शब्दशः ऐकवलं आहे.

हे झालं सोपं. अवघड निघाला धाकट्याचा प्रश्न. माझे सासरे आजारी होते तेव्हा तो रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करायचा. ते गेले. काही दिवसांनी त्याने विचारलं, "मग माझ्या प्रार्थनांचं काय झालं?" असं मी लहानपणी विचारलं असतं तर 'देवाची इच्छा' एवढं उत्तर मिळून विषय संपला असता, आणि पुन्हा विचारायची हिंमत झाली नसती. आम्ही त्याच्याबरोबर तेरावं स्तोत्र वाचलं. दाविद तिथे देवाला सरळ विचारतो, किती वेळ मला विसरणार? धाकट्याला नवल वाटलं ते याचं, की असं रागावून बोललेलं बायबलमध्ये चालतं. उत्तर त्याला मिळालं नाही. पण त्या रात्री त्याने प्रार्थना केली, आणि तिच्यात तक्रारही केली.

चौदाची अट डोक्यावर आहे म्हणून आम्ही असे वागतो का? थोडं तसंच आहे. ज्या मुलीला पुढच्या वर्षी कायद्याने 'नको' म्हणता येणार, तिला नुसतं पाठांतर देऊन भागत नाही. नवरा म्हणतो, तिने आपल्याला संकटात प्रार्थना करताना पाहिलंय, भांडल्यावर माफी मागताना पाहिलंय, आता आणखी काय दाखवणार? मी त्याच्याइतकी निश्चिंत नाही. मी अजूनही रविवारी सकाळी तिच्या खोलीच्या दारावर दोनदा टकटक करते.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तिचा दृढीकरणाचा वर्ग सुरू होईल. तान्हेपणी आम्ही तिचा बाप्तिस्मा केला, त्याला आता तिने स्वतः 'हो' म्हणायचं. लेकीने पाळकबाईंना समोरच सांगून टाकलं, "वर्गाला येते, पण हो म्हणायचं की नाही ते शेवटी ठरवीन." मी ओशाळले. पाळकबाई म्हणाल्या, वर्ग त्यासाठीच तर असतो, आणि फॉर्म पुढे सरकवला.

नगरला आईने पांढऱ्या फ्रॉकसाठी तिचं माप मागवलं आहे. इथे त्या दिवशी बरीच मुलं गडद रंगाचे कपडे घालतात, हे आईला सांगायचं काम नवऱ्यावर सोपवलंय.