वर्षावासातलं ग्रंथवाचन पोळ्यापाशीच का अडकतं?

वर्षावास म्हणजे भिक्खूंनी एका जागी राहायचे पावसाळ्याचे तीन महिने, आणि त्यात विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. आषाढी पौर्णिमेला विहारात पाय ठेवायला जागा नसते. मेणबत्त्या, अगरबत्त्या, पांढरी लुगडी, बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मोठ्या मानानं टेबलावर ठेवलेला. श्रावणी पौर्णिमेपर्यंत निम्मे लोक उरतात. पोळा झाला की चार म्हाताऱ्या बाया आणि वाचक. मग दोष वावरातल्या कामांना दिला जातो. निंदण, डवरणी, फवारणी आहेच, पण ती पहिल्या महिन्यातही असते. खरं कारण ग्रंथाच्या वाटणीत आहे.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली आलेल्या या ग्रंथाचे आठ खंड आहेत. पहिल्या दोनांत चरित्र आणि धम्मदीक्षा घेणारी माणसं भेटतात, त्यामुळे ऐकणारा आपोआप पुढं सरकतो. तिसरा आणि चौथा खंड मात्र शिकवणुकीचा. धम्म म्हणजे काय, अधम्म म्हणजे काय, सद्धम्म कशाला म्हणायचं, कर्म, पुनर्जन्म. रोज सारखीच पानं असा सरळ हिशेब लावला की हे खंड नेमके पोळ्याच्या आगेमागे येतात, आणि त्याच वेगानं वाचले तर डोक्यावरून जातात.

वाटणी अशी करून पाहा. आषाढी ते आश्विन पौर्णिमा हे साधारण ८८ दिवस. त्यात चार पौर्णिमा, तीन अमावस्या आणि सहा अष्टम्या मिळून तेरा उपोसथ, म्हणजे व्रताचे दिवस. ते बाजूला काढले की ७५ संध्याकाळी उरतात. पहिल्या दोन खंडांना २५, तिसऱ्या-चौथ्याला २८, राहिलेल्या चारांना २२. शेवटच्या खंडांना कमी दिवस दिले तरी चालतं. तोवर सोयाबीन कापणीला आलेलं असतं, माणसं थकून येतात, आणि आठव्या खंडातले भगवंतांच्या स्वभावाचे छोटे छोटे प्रसंग थकलेल्या माणसालाही ऐकवतात. काही ठिकाणी सातवा खंड, म्हणजे बुद्धांचं महापरिनिर्वाण, शेवटच्या दिवसासाठी मागं ठेवतात. तसं करू नये. बाबासाहेबांनी त्याच्या पुढं आठवा खंड ठेवला आहे, तो क्रम मोडायचं आपल्याला काही कारण नाही.

उपोसथाच्या तेरा दिवशी धम्मपद, म्हणजे बुद्धवचनांचा पाली गाथासंग्रह, घ्या. त्यात २६ वग्ग, म्हणजे प्रकरणं, आणि ४२३ गाथा आहेत, दर उपोसथाला दोन वग्ग म्हटलं की आश्विन पौर्णिमेला बरोबर पूर्ण होतं. फक्त शेवटचा ब्राह्मणवग्ग ४१ गाथांचा आहे, त्या दिवशी भोजनदानाची वेळ थोडी पुढं ढकला.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चा सुरुवातीचा परिचय बहुतेक ठिकाणी गाळला जातो. ही मोठी चूक आहे. तिथं बाबासाहेब चार प्रश्न मांडतात आणि पुढचा सगळा ग्रंथ त्या धाग्यावर चालतो. पहिलाच प्रश्न असा, की सिद्धार्थानं परिव्रज्या का घेतली, म्हणजे घर का सोडलं? म्हातारा, आजारी आणि प्रेत एकोणतिसाव्या वर्षी पहिल्यांदा दिसलं, हे त्यांना पटत नाही. त्यांचं उत्तर पहिल्या खंडात रोहिणी नदीच्या पाण्यावर येतं. सिद्धार्थाचे शाक्य आणि शेजारचे कोलीय दोघंही त्याच नदीवर शेती करणारे, आणि वाद पाणी आधी कोणी घ्यायचं याचा. सिद्धार्थ सुचवतो, की आपले दोन, त्यांचे दोन, आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी निकाल द्यावा. शाक्यांचा संघ, म्हणजे त्यांची सभा, बहुमतानं युद्ध ठरवतो. मग सिद्धार्थापुढं तीन वाटा राहतात: लढायला जा, फाशी किंवा देशत्याग पत्कर, नाहीतर घरच्यांवर बहिष्कार आणि मालमत्तेची जप्ती ओढवून घे.

इथं वाचकानं थांबावं. कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीवरून झालेली भांडणं आणि बहिष्कार हे दोन्ही आपल्या गावांना समजावून सांगावं लागत नाही. पाच मिनिटं गप्प बसा, समोरची माणसं बोलू लागतील.

रोजचं माप चाळीस मिनिटं वाचन, वीस मिनिटं चर्चा. दोन वाचक असावेत, वीस-वीस मिनिटांनी बदलावेत, एकट्याचा आवाज पंधरवड्यात बसतो. ग्रंथातल्या वाक्यांना क्रमांक आहेत. थांबताना खंड, भाग, प्रकरण आणि क्रमांक वहीत लिहा. नुसती खूण ठेवली तर ती पोरं हलवतात. तिसऱ्या-चौथ्या खंडात एका बैठकीला एकच प्रकरण, आणि ते दोनदा. पुनर्जन्माच्या प्रकरणात घाई केली की लोक जुनीच आत्म्याची कल्पना घेऊन घरी जातात. तिथं प्रश्न 'कशाचा पुनर्जन्म' असा आहे, आणि उत्तर पृथ्वी, आप, तेज, वायू या चार महाभूतांपासून सुरू होतं. 'कोणाचा' हा प्रश्न वेगळा, हे फळ्यावर लिहून ठेवलं तर उत्तम.

उच्चाराचंही तेवढंच. पालीत श आणि ष नाहीत. म्हणून 'बुद्धं सरणं गच्छामि', 'शरणं' नव्हे. 'सिक्खापदं'चं 'शिक्खापदं' करू नका. लहान मुलं पहिल्या आठवड्यात जे ऐकतात तेच जन्मभर म्हणतात.

आता ग्रंथाची प्रत. पावसाळ्यात विहाराची भिंत ओल धरते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढा, नाहीतर वाळवी भिंतीतूनच आत शिरते. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला, ओल्याचे डाग पडतात. ओलसर झालेली प्रत कापडात किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली की चार दिवसांत बुरशी येते. आधी पंख्याखाली चिकटलेली पानं हलकेच उघडून वाळवा, उन्हात नको, कागद कडक होतो. उघड्या पानांवर फुलं वाहू नका. आणि लाइट गेली म्हणून मेणबत्ती ग्रंथाजवळ आणू नका, चार्जिंगचा दिवा वाचकाच्या डाव्या खांद्यामागं टांगा. मेण सांडलंच तर लगेच पुसायचं नाही, पुसलं की ते कागदात मुरतं. गार होऊन कडक होऊ द्या, नखानं हलकेच उचला, मग वर-खाली टीपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. टीपकागद बदलत राहा, डाग उतरेपर्यंत.