मान धरणारा माणूस

२०१३ च्या पावसाळ्यात कशेडी घाटात एक मोटारसायकलवाला घसरून कठड्यावर आपटला. मी पोलादपूरचा, मिनीडोर रिक्षा चालवतो. भाडं सोडून रिकामा परतत होतो. आम्ही तिघांनी त्याला काखेत आणि गुडघ्यांखाली धरून उचललं, मागच्या सीटवर कसाबसा बसवला आणि गाडी दामटली. वळणावळणाला त्याची मान एकदा इकडे, एकदा तिकडे पडत होती. मला ती आरशात दिसत होती. तो वाचला, पण पुन्हा पायावर उभा राहिला नाही. पडला तेव्हाच त्याचा मणका गेला होता की आम्ही उचलताना, हे मला कधीच कळलं नाही. तो आरसा मात्र आजही डोळ्यांपुढे येतो.

आमच्याकडे तेव्हा टीम वगैरे काही नव्हतं. घाटात गाडी पलटली की धाबेवाला, टायरवाला आणि आम्ही मिनीडोरवाले धावायचो. ट्रकची ताडपत्री बांधायची रस्सी हाच आमचा दोर, आणि दोन बांबूंना बांधलेली घोंगडी हेच स्ट्रेचर. बरेच लोक लांबूनच बघायचे, कारण जखमीला दवाखान्यात नेलं की पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील ही भीती. ती भीती खोटी नव्हती. मार्च २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या नियमांवर शिक्कामोर्तब केलं आणि २०१९ ला ते मोटार वाहन कायद्यातही आलं. हे आम्ही प्रत्येक धाब्यावर जाऊन सांगितलं, कारण माणूस पुढे येत नसेल तर बाकी सगळं शिकून उपयोग काय?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल गेला. दोन एसट्या पुरात नाहीशा झाल्या. सकाळी आम्ही काठावर होतो. पाणी असं लाल आणि उसळतं, की बघूनच पोटात गोळा यावा. आमच्यातले दोघे पट्टीचे पोहणारे उडी मारायला निघाले होते, बाकीच्यांनी त्यांना कंबरेला धरून मागे ओढलं. त्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर बसून आम्ही एका वहीत अकरा नावं लिहिली. कोणाकडे दोर आहे, कोणाकडे बॅटरी, कोणाला पोहता येतं, कोणाची गाडी रात्री निघू शकते. आमच्या टीमचा जन्म त्या वहीत झाला असं मी मानतो.

२८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. तीस जण गेले, एकच जण वाचला आणि तोच वर चढून आला. महाबळेश्वरच्या ट्रेकर्सची पोरं दोराने त्या दरीत उतरताना मी पाहिली. एकेक गाठ दोनदा तपासत होती, कोणी आरडाओरडा करत नव्हतं. आपल्याकडे हिंमत आहे पण हात शिकलेले नाहीत, हे त्या दिवशी मनाला फार लागलं.

मग जुलै २०२१. महाडजवळच्या तळिये गावावर दरड आली तेव्हा महाड पाण्यात होतं आणि रस्ते बंद. बाहेरची मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, बटालियन पुण्याकडे, मध्ये सह्याद्री. तोवर जे काही करायचं ते आसपासच्या वाडीतल्या माणसांनीच करायचं असतं.

म्हणून ‘आपदा मित्र’चं कळलं तेव्हा मी लगेच अर्ज भरला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ही योजना, साडेतीनशे जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचे म्हणून आखलेली. प्रशिक्षण बारा दिवसांचं. गाडीचा हप्ता तोंडावर आणि बारा दिवस धंदा बंद. बायको म्हणाली, हप्त्याचं मी बघते, तुम्ही जा.

पहिल्या दिवशी हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब द्यायला शिकवलं. तीस दाब, दोन श्वास. छाती पाच-सहा सेंटीमीटर खाली गेली पाहिजे आणि मिनिटाला शंभर ते एकशेवीसचा वेग हवा. दोन मिनिटांत खांदे भरून येतात, म्हणून माणूस बदलायचा. पाण्याच्या दिवशी सरांनी आधी उडीच बंद केली. बुडणाऱ्याला काठी द्या, नाहीतर दोर फेका, नाहीतर झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा कॅन टाका. स्वतः पाण्यात शिरणं सगळ्यात शेवटी. मला सावित्रीचा काठ आठवला.

सातव्या दिवशी मणक्याच्या जखमीला कसं वळवायचं ते आलं. एक जण डोक्याशी, तिघे अंगाच्या कडेला. डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून ओंडका वळवावा तसं सगळं अंग एकदम वळवायचं. डोकं धरणारा आकडा मोजेल तेव्हाच बाकीच्यांनी हलायचं. मी सरावात डोकं धरलं आणि माझे हात थरथरायला लागले. सरांनी कारण विचारलं. मी २०१३ ची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. ते म्हणाले, आज तुम्हीच दहा वेळा करा. मी दहा वेळा केलं.

परत आल्यावर आम्ही वही नव्याने लिहिली. प्रत्येक रविवारी एसटी स्टँडमागे सराव सुरू केला. माझ्या सीटखाली आता दोर, बॅटरी, शिट्टी आणि हातमोजे कायम असतात.

पुढच्याच पावसाळ्यात घाटात पुन्हा एक मोटारसायकलवाला पडला. आमच्यातल्या एकाने झाडाच्या फांद्या तोडून वळणावर टाकल्या, एकाने १०८ ला फोन लावला. मी त्याच्या डोक्याशी ओल्या डांबरावर पालथा पडलो, कोपरं जमिनीला टेकवली आणि दोन्ही हातांत हेल्मेटसकट डोकं धरलं. तो उठायला बघत होता. “मान हलवू नका दादा, मी धरलंय.” पाऊस कोसळत होता आणि माझे हात सुन्न झाले होते. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा चाळीस मिनिटं होऊन गेली होती. दोघांनी मिळून हेल्मेट अलगद काढलं, डॉक्टरांनी मानेला कॉलर बसवली. डोकं माझ्याकडे होतं म्हणून आकडा मीच मोजला. एक, दोन, तीन.

त्याला वळवून कडक बोर्डवर घेतलं आणि पट्टे आवळून झाल्यावर डॉक्टरांनी त्याला पायाची बोटं हलवायला सांगितली. आधी डाव्या पायाचा अंगठा हलला, मग उजव्या पायाचा.