माथेरान एका दिवसात: दस्तुरी नाक्यावर कुणाचं ऐकू नका

मुंबईहून सकाळी निघून रात्री घरी, असं माथेरान सहज होतं. फक्त दस्तुरी नाक्यावरची, म्हणजे गाड्या जिथवरच जातात तिथली, पहिली दहा मिनिटं सांभाळायची. टॅक्सीतून पाय खाली ठेवताच घोडेवाले नि हमाल गराडा घालतात: ‘शटल (अमन लॉज ते माथेरान स्टेशन धावणारी छोटी गाडी) बंद आहे’, ‘बाजार सात किलोमीटर लांब आहे’, ‘पुढे नुसता चिखल आहे’. बाजारपेठ तिथून अडीच-तीन किलोमीटर आहे. वाट जवळपास सपाट नि सावलीची, रमतगमत गेलं तरी पाऊण तास. शटल चालू आहे की नाही, हे फक्त अमन लॉज स्टेशनच्या खिडकीवर विचारा. स्टेशन नाक्यापासून थोडंसंच पुढे आहे, पण तिथवर पोचायच्या आत निम्मे लोक घोड्यावर बसलेले असतात. या फसवणुकीला वैतागून मार्च २०२५ मध्ये खुद्द गावकऱ्यांनीच माथेरान बंद ठेवलं होतं. यावरून काय ते समजा.

नगरपरिषदेचा प्रवेश कर मात्र खरा आहे, तो भरा आणि पावती खिशात ठेवा. सुटे पैसे जवळ असू द्या.

चालायचं असेल तर घोड्यांच्या रस्त्यापेक्षा रुळांच्या कडेची वाट बरी. रस्त्यावर लाल माती घोट्यापर्यंत उडते, जोडीला लीद. पांढरे बूट घालून गेलात तर ते पुन्हा पांढरे होणार नाहीत. पावसाळ्यात हीच माती साबणासारखी होते, चपला चालत नाहीत. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. ई-रिक्षा आहेत, पण सुट्टीच्या दिवशी त्यांच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा चालत लवकर पोचाल.

घोडा करायचाच असेल तर आधी दरपत्रक बघा आणि तीन गोष्टी ठरवून घ्या: भाडं तासावर की पॉइंटवर, थांबण्याचे पैसे धरलेत का, आणि सोडणार कुठे, बाजारात की दस्तुरीला. ‘बारा पॉइंट’ हा आकडा ऐकून भुलू नका. शार्लोट लेक, लॉर्ड पॉइंट, एको पॉइंट एकमेकांना लागूनच आहेत, पायी सहज होतात. एका दिवसासाठी एवढे आणि लुईसा पॉइंट पुष्कळ झाले. लुईसावरून समोर प्रबळगड दिसतो, तिथे निवांत बसा. सूर्यास्ताचा पॉइंट मुक्काम करणाऱ्यांसाठी सोडून द्या, परतताना अंधारात धडपडाल. माकडं हातातली प्लास्टिकची पिशवी बघूनच येतात. खाऊ सॅकमध्ये, चेन लावून.

आता जायचं कसं. कर्जत किंवा खोपोली लोकल पकडून नेरळला उतरा, बदलापूर लोकल उपयोगाची नाही. सीएसएमटीहून दोन तासांच्या आसपास धरा. नेरळहून वर जाणारी १९०७ सालची मिनी ट्रेन सुंदर आहे, पण २१ किलोमीटरला दोन तासांहून जास्त घेते, जागा मोजक्या आणि पावसाळ्यात बंद. दिवसाच्या सहलीत तिच्या नादी लागू नका. शेअर टॅक्सी करा. ती भरल्याशिवाय सुटत नाही, घाई असेल तर रिकाम्या सीटचे पैसे भरावे लागतात.

स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी घाट हलका समजू नये. चढ खडा, वळणं आवळलेली. पुढची गाडी वळणावर थांबली की हँडब्रेकवर गाडी उचलता आली पाहिजे, नाहीतर क्लचचा जळका वास ठरलेला. बिनगिअरची स्कूटर तर नेऊच नका. उतारावर इंजिनाचा आधार फारसा मिळत नाही, जवळपास सगळा भार ब्रेकवर पडतो, ते तापतात आणि ऐन वळणावर लागेनासे होतात.

रविवारी चारच्या सुमाराला बाजारातून पाय काढा. पाचनंतर दस्तुरीला टॅक्सीपेक्षा माणसं जास्त असतात, कारण खाली गेलेल्या गाड्या घाटातल्या कोंडीत अडकून वर यायला वेळ लावतात. नेरळला परतीच्या लोकलमध्येही बसायला मिळेल ही आशा सोडा, ती कर्जतहूनच भरून येते.