आमची वाटचाल: नर्सरी ते खताची टोपली

सिंहगड रोडला वडगावच्या पुढे आमची छोटीशी नर्सरी आहे, सासऱ्यांनी सुरू केलेली. गुलाब, जास्वंद, मोगरा, तुळस, कढीपत्ता, घराघरात जे लागतं तेच आम्ही विकत आलो. आज मात्र निम्म्याहून जास्त काम ओल्या कचऱ्याचं झालंय, म्हणजे घरी खत करायच्या टोपल्या आणि माठ, त्यात टाकायचं कल्चर (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण), आणि ते नीट चाललंय का ते बघायला लोकांच्या घरी जाणं. नर्सरीवाले कचऱ्यात कसे काय शिरले असं बरेच जण विचारतात म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

२०१७ चा उन्हाळा पुण्यातल्या लोकांना आठवत असेल. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी आंदोलन केलं, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि पुण्याचा कचरा पुण्यातच राहिला. चौकाचौकात ढीग, त्यावर कुत्री, आणि एप्रिल-मेचं ऊन. गावकऱ्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, शहराची घाण त्यांनी वर्षानुवर्षं सोसली, विहिरींचं पाणी नासलं. आपल्या भाजीची देठं त्यांच्या दारात का जावीत याला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

त्या दिवसांत नर्सरीत गिऱ्हाईक यायचं, कुंड्यांसाठी खताची पिशवी घ्यायचं, आणि जाता जाता पाच मिनिटं कचरा उचलत नाहीत म्हणून बोलायचं. तेच डोक्यात बसलं. ह्या ताई जे पैसे देऊन नेतायत तेच तर त्यांच्या ओट्यावरून रोज पिशवीत बांधून बाहेर चाललंय. आमच्या बाबांनी (सासऱ्यांनी) नर्सरीच्या मागे पहिल्यापासून पालापाचोळ्याचा खड्डा ठेवलेला, शेण-पाणी मारून त्यातनं सोन्यासारखं खत निघायचं, मग हेच फ्लॅटच्या बाल्कनीत का नाही होणार, एवढाच विचार होता, बिझनेस वगैरे काही डोक्यात नव्हतं.

पहिल्यांदा नेहमीच्या गिऱ्हाइकांना नर्सरीतल्याच मोठ्या मातीच्या कुंड्या दिल्या, वर झाकण, खाली विटांचे तुकडे. मग कुंभाराकडून बाजूला भोकं असलेले माठ करून घेतले. आणि मग बुरूड आळीतून बांबूच्या टोपल्या आणायला लागलो, आतून गोणपाट लावून, त्या तर इतक्या छान चालल्या की आजही सगळ्यात जास्त त्याच जातात, कारण बांबूच्या टोपलीला चारी बाजूंनी हवा मिळते आणि खताचं सगळं गणित हवेवरच आहे. प्लास्टिकचे चकाचक ड्रम ठेवा, मार्जिन चांगलं मिळेल असं सांगणारे खूप भेटले. कचरा कमी करायच्या नावाखाली आणखी प्लास्टिक विकायचं मनाला पटलं नाही, आणि बुरूड-कुंभारांना काम मिळतंय ते वेगळंच.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगते, कारण लोक अडतात ते इथेच. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात वजनाच्या सत्तर-ऐंशी टक्के नुसतं पाणी असतं. तो एकटाच डब्यात कोंबला की हवा बंद होते, सडतो आणि वास सुटतो. म्हणून त्याच्याबरोबर कोरडं काहीतरी हवंच, वाळलेली पानं सगळ्यात उत्तम, नाहीतर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा), नाहीतर सुताराकडचा भुसा. टोपलीत तळाला चांगली वीतभर वाळलेली पानं, त्यावर मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक शिंपडायचं, मग रोजचा कचरा बारीक चिरून, आणि तेवढीच पानं वरून. एक वाटी कचरा तर एक वाटी पानं, गच्च दाबून नाही, सैल. दोन-तीन दिवसांनी काठीने खालवर करायचं. हातात घेऊन पिळलं तर ओलसर लागलं पाहिजे पण पाणी टपकता कामा नये. मधोमध हात घातलात तर गरम लागतं, त्या गरमीला घाबरायचं नाही, आत जिवाणूंचं काम जोरात चालू असल्याची ती खूण आहे. टोपली भरली की बाजूला ठेवून दुसरी सुरू करायची, साधारण दीड-दोन महिन्यांत पहिलीतलं काळं, भुसभुशीत होतं आणि पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास येतो. भरलेली टोपली तोपर्यंत पाव हिस्सा उरलेली असते, बाकी सगळं पाणी आणि हवा होऊन गेलेलं.

वास दोन प्रकारचे येतात आणि दोन्ही ओळखायला शिकलं की पुढे काही अडत नाही. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर हिरवं, म्हणजे भाजीपाल्याचा कचरा, जास्त झालंय, पानं वाढवा. सडक्या अंड्यासारखा आला तर आत हवा नाही, पाणी साचलंय, सगळं उपसून पसरा, वाळू द्या, कोरडं मिसळून परत भरा. करवंटी, नारळाच्या शेंड्या, आंब्याच्या कोयी, मक्याची कणसं ह्यांना खूप वेळ लागतो म्हणून ती वेगळी. उरलेली तेलकट भाजी, मटणाची हाडं, दूध-दही नवख्यांनी टाकू नये, हात बसल्यावर बघा. लिंबाची, संत्र्याची सालं थोडी चालतात, रसवंतीएवढी नाही.

सगळ्यात जास्त फोन कशाचे येतात माहितीये का, अळ्यांचे. पावसाळा सुरू झाला की रात्री दहाला व्हिडिओ कॉल, "अहो ताई अळ्या झाल्यात, वळवळतायत, मी टाकून देते सगळं." थांबा म्हणते, कॅमेरा जवळ न्या. करड्या, जाडसर, सपाट, बोटाच्या पेरापेक्षा जरा लहान असतील तर ह्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या. ह्या माशीला खायला तोंडच नसल्यासारखं आहे, ती तुमच्या अन्नावर येऊन बसत नाही, आणि अळ्या कचरा इतक्या झपाट्याने खातात की टोपली बघता बघता खाली बसते. त्या आल्या म्हणजे ओलं जास्त झालंय एवढाच अर्थ, पानं घाला, त्या आपोआप कमी होतात. एक काकू पहिल्यांदा टोपली परत द्यायलाच आल्या होत्या, आता त्याच सोसायटीतल्या इतरांना समजावतात.

खरा बदल मला दिसला तो मात्र टोपलीत नाही, तिच्या शेजारच्या सुक्या कचऱ्याच्या पिशवीत. आपल्याकडच्या घरच्या कचऱ्यात वजनाने साधारण अर्धा ओलाच असतो, तो बाजूला झाला की उरलेला सुका कोरडा, बिनवासाचा राहतो, आणि मग तो कचरा राहतच नाही, त्याला भाव येतो. आमटी सांडलेली रद्दी कोणी घेत नाही, कोरडी रद्दी घेतात. आमच्या गल्लीत स्वच्छ संस्थेच्या एक मावशी कचरा न्यायला येतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ला झाली, त्यातूनच पुढे ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली, पुण्याच्या बऱ्याच भागात घरोघरी कचरा उचलायचं काम ह्या बायका करतात आणि सुक्यातून जे विकलं जातं ते त्यांचं उत्पन्न. मावशी एकदा म्हणाल्या, "तुमच्याकडची पिशवी उघडायला बरं वाटतं, हात घाण होत नाहीत." त्या वाक्यानंतर मी गिऱ्हाइकांशी झाडांच्या आधी ह्या हातांबद्दल बोलायला लागले. खत हा बोनस आहे हो, आपला भाजीपाला कुणीतरी हाताने चिवडत बसू नये हेच पहिलं कारण पाहिजे.

म्हणून टोपली पोचवायला गेलो की सुक्याचंही सांगून येतो. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा, कारण तो चिमुकला तुकडा गोळाच होत नाही, गटारात जातो. पिशवी विसळायची, उलटी करून वाळत घालायची, भाव मिळतो. ज्यूसचे टेट्रापॅक चपटे करून कोरडे ठेवायचे. चिप्स-बिस्किटांची आतून चंदेरी पाकिटं वेगवेगळ्या थरांची असतात, भंगारवाला घेत नाही, म्हणजे ती कमी आणणं हाच उपाय, सुटं फरसाण डबा नेऊन आणता येतं की. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे न उघडता कळतं. २०१६ च्या घनकचरा नियमात ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग केले होते, तिसऱ्यातले सेल, ट्यूबलाइट, जुनी औषधं ह्यांच्यासाठी एक खोका कपाटावर ठेवला तरी पुरतं.

२०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा शेजारच्या दोघी-तिघींनी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून आमच्याकडे ठेवायला सुरुवात केली, आजही रोपं त्यातच देतो. जुन्या ओढण्यांच्या पातळ पिशव्या भाजीसाठी मस्त, फ्रीजमध्ये कोथिंबीर टिकते. आपल्या आज्यांनी गोधड्या शिवल्या, फाटकं धोतर पोतेरं होईपर्यंत वापरलं, त्यामुळे हे कुणाला शिकवावं लागत नाही, फक्त परत सुरू करावं लागतं.

सोसायट्यांचं काम नंतर आलं. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं २०१६ च्या नियमात होतं, आणि पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्पाला मिळकतकरात सवलतही देते, पण प्रकल्प खरंच चालू असला पाहिजे. चोवीस तासांत खत करणाऱ्या विजेच्या मशीनबद्दल विचारतात. ते आम्ही विकत नाही. मशीन कचरा गरम करून वाळवतं आणि भुगा करतं, तो भुगा म्हणजे तयार खत नव्हे, पुढे काही आठवडे मुरवावाच लागतो, थेट कुंडीत टाकला तर झाडाला त्रास होतो. विजेचं बिल वेगळं. त्यापेक्षा विटांचे जाळीदार हौद बांधा आणि एका माणसाला नीट पगार देऊन शिकवा, हे मी प्रत्येक कमिटीला सांगते, काम गेलं तरी चालेल.

पानांचा प्रश्न पण त्यातच सुटला. पानगळीत सोसायट्यांमध्ये पानं जाळतात, धूर सगळ्यांच्या नाकात, आणि इकडे आमच्या टोपलीवाल्यांना पानं मिळत नाहीत! पुण्यात ब्राउन लीफ नावाची चळवळ आहे, ज्याच्याकडे पानं आहेत आणि ज्याला हवीत त्यांची गाठ घालून देणारी, त्यावरनं आम्हीही टेम्पो लावून पोती गोळा करायला लागलो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पोती भरून ठेवली तर पावसाळाभर कोरडं कमी पडत नाही. ज्यांच्याकडे झाडंच नाहीत त्यांचं तयार खत आम्ही घेतो आणि बदल्यात रोप देतो, ते खत नर्सरीच्या कुंड्यांत जातं, बाहेरून खताची गाडी मागवणं त्यामुळे बरंच कमी झालंय.

ज्यांना सुरू करायचंय त्यांनी आमच्याकडून काही विकत घ्यायलाच पाहिजे असं अजिबात नाही. रंगाची जुनी बादली, पिचकलेला पिंप, तुटका लाँड्री बास्केट, काहीही चालतं, फक्त बाजूला आणि तळाला भोकं हवीत. शनिवारी सकाळी नर्सरीच्या फाटकापाशी ड्रिल मशीन काढून ठेवलेलं असतं, बादली घेऊन या, भोकं पाडून देतो, त्याचे पैसे घेत नाही. येताना पानांसाठी एक रिकामं पोतं मात्र आणा.