यॉर्कची टेकडी आणि जळालेली कर्जखते

मार्चअखेरीस इंग्लंडमधल्या यॉर्कला पोहोचलो तेव्हा क्लिफर्ड्स टॉवर या जुन्या बुरुजाची टेकडी पिवळ्याधमक डॅफोडिलांनी भरून गेली होती. लोक फुलांसमवेत छायाचित्रे काढून घेत होते. पायथ्याशी १९७८ साली बसवलेल्या, हिब्रू अक्षरे असलेल्या शिळेपाशी मात्र फारसे कोणी थांबत नव्हते.

१६ मार्च ११९० रोजी, ज्यूंच्या पासओव्हर सणाच्या तोंडावर, जमावाच्या भीतीने राजाच्या गढीत आश्रयाला आलेल्या सुमारे दीडशे ज्यूंचा येथेच अंत झाला. सक्तीचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्मदीक्षा) किंवा जमावाच्या हातचे मरण यांपैकी काहीही पत्करण्यापेक्षा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, योम तोव यांच्या सांगण्यावरून बहुतेकांनी आपल्या माणसांचे व स्वतःचे प्राण घेतले आणि बुरुज पेटला. अभयाच्या आश्वासनावर विसंबून सकाळी खाली उतरलेल्यांनाही जमावाने मारले. तो बुरुज लाकडी होता. आजचा दगडी बुरुज तेराव्या शतकातला, त्यामुळे भिंतीला हात लावून गहिवरण्याचीही येथे सोय नाही.

माथ्यावरून मिन्स्टर हे भव्य चर्च स्पष्ट दिसते. मला अधिक अस्वस्थ केले ते त्या दृश्याने, कारण हत्याकांड उरकल्यावर जमाव तिकडेच गेला आणि तेथे सुरक्षित ठेवलेली ज्यू सावकारांची कर्जखते त्याने चर्चमध्येच जाळली. क्रुसेडच्या, म्हणजे मुस्लिमांविरुद्धच्या ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, ज्वराने माथी भडकली होती हे खरे. पण रिचर्ड मॅलबिससारखे जमावाचे पुढारी स्वतः कर्जबाजारी होते, हे विसरून चालणार नाही. जमीन आणि बहुतेक व्यवसाय ज्यूंना जवळपास बंद होते, ख्रिस्ती माणसाने व्याज घेणे चर्चला मान्य नव्हते आणि राजा ज्यूंना स्वतःची मालमत्ता समजून त्यांच्याकडून हवा तेवढा कर उकळत असे. म्हणूनच राजसत्तेचा राग मुख्यतः बुडालेल्या उत्पन्नाचा होता, असे मला वाटते: शहरावर दंड बसला आणि ११९४ पासून प्रत्येक कर्जखताची दुसरी प्रत ठरावीक शहरांतल्या सरकारी पेट्यांत ठेवण्याचा नियम आला. पुढे यॉर्कमध्ये ज्यू पुन्हा वसले, पण १२९० मध्ये पहिल्या एडवर्डने त्यांना इंग्लंडमधूनच घालवून दिले.

संध्याकाळी फॉस नदीकाठच्या ज्यूबरीकडे चालत गेलो. तेथील मध्ययुगीन ज्यू दफनभूमीच्या उत्खननात १९८२-८३ मध्ये जवळपास पाचशे सांगाडे मिळाले आणि १९८४ मध्ये त्यांचे जवळच पुन्हा दफन झाले. आता तेथे वाहनतळ आहे. मी पोहोचलो तेव्हा एक गृहस्थ जागा शोधत गाडीने फेऱ्या मारत होते.